सातवी सुई

अम्मा,

काल जुम्म्याच्या नमाजेला निघालो आणि गल्लीच्या तोंडावरून कुलूप पाहायला तीनदा परत आलो. तिसऱ्यांदा पानवाला हसला. "चाचा, कुलूप पळून जाणार आहे का?" मीही हसलो. मशिदीत पोहोचलो तेव्हा इमामसाहेबांचा खुतबा अर्धा सांगून झाला होता. घरात चोरण्यासारखं काही नाही. बायकोला जाऊन चार वर्षं झाली, पोरं सुरतेला. बोलायला काळजी तेवढी उरली आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या हातानं लिहितो आहे, सांभाळून घे. तुला तर वाचता येत नव्हतं. मग हे तुला कोण वाचून दाखवणार, हाही विचार मघापासून छळतो आहे.

पहूरच्या त्या बाळाच्या गादीचं सांगायचं आहे. सदुसष्ट साल होतं की अडुसष्ट, यावरही मी अर्धा दिवस घालवेन. अब्बा गेले आणि पिंजण माझ्या हाती आली. जळगावच्या आपल्या अंगणात मी कापूस पिंजायचो, तू गाद्यांना टाके घालायचीस. तुझ्या लाल चिंधीत सात सुया टोचलेल्या असत. गादीची शेवटची बाजू बंद करण्याआधी त्या मी मोजायच्या, हा घरचा नियम. कापसात गेलेली सुई डोळ्याला दिसत नाही, निजणाऱ्याच्या अंगाला सापडते. त्या दिवशी माझी बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी शिरपूरला होती आणि माझं मन तिकडं. काही बरंवाईट झालं तर? तार वेळेवर आलीच नाही तर? तू विचारलंस, "सात?" मी चिंधीकडे न पाहता म्हणालो, "सात." गादी पहूरच्या मारवाडी शेठाणीच्या पहिल्या नातवाची होती. मी ती पोहोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू चिंधी उघडलीस, तर सहा.

तू ओरडली नाहीस. मिळेल ती एसटी धरून आपण पहूरला गेलो. तू ओसरीवर टेकलीसुद्धा नाहीस. "बाई, गादी उसवावी लागेल. एक सुई कमी भरते." शेठाणीनं बाळाला झटकन उचलून छातीशी धरलं. "मावशी, रात्रभर यावरच झोपलं हो माझं लेकरू! दिसत नाही तर कामं कशाला घेता?" मी तोंड उघडणार तोच तू माझं मनगट दाबलंस. "मोजणी माझी चुकली, बाई," म्हणालीस. मग आपण दोघांनी गादी उसवली, कापसाचा पुंजका न पुंजका बोटांनी चाचपला. दुपार उतरली. सुई नव्हती. तू गादी पुन्हा भरून शिवलीस, टाके पहिल्यापेक्षा बारीक घातलेस. शेठाणीनं ती घेतली आणि म्हणाली, "यापुढं आम्ही दुसरीकडून करून घेऊ." त्या घरातल्या तीन लग्नांच्या गाद्या तुझ्या हातच्या होत्या.

स्टँडवर येईपर्यंत मला पुन्हा शंका. डावा कोपरा नीट पाहिला का? "परत जाऊ," मी म्हणालो. असरच्या नमाजेची वेळ झाली होती. नळावर मी हातपाय-तोंड धुवून वजू केला, परत केला, परत केला. "काय करी ऱ्हायना रे? कातडं निंघी जाई," तू म्हणालीस. गादी बांधून नेली होती तीच चादर तू लिंबाखाली अंथरलीस. "आपला हात पुरना तेवढं देखं. उरनं ते त्यान्हावर सोडी दे. ज्यानी त्या लेकरूले जीव दिन्हा, तो जागा शे." मी पुढे उभा राहतो, तू मागे. कपाळ चादरीला टेकतं. चादरीला कापसाचा वास आहे, कंडक्टर जामनेर, जामनेर ओरडतो आहे, आणि डोक्यातला भुंगा बसतो. भरल्या गोणीचं दुसरं टोक कुणीतरी उचलावं, तसं झालं. नमाज संपवून सलाम फिरवल्यावर मी कोपऱ्याचं विचारलं नाही. आजही सजद्यात कपाळ टेकलेलं असतं, तेवढाच वेळ मला मिळतो. उठलो की पुन्हा कुलूप.

मला वाटायचं, तुला काळजीच नाही. पण पहाटे फजरच्या नमाजेनंतर तू दुआसाठी हात उचलायचीस तेव्हा ऐकू यायचं. घरातल्या सगळ्यांचं मागून झालं की शेवटी पहूरचं ते लेकरू. त्याला सुईपासून सलामत ठेव म्हणायचीस, तूच एकदा सांगितलं होतंस. रोज, तू जाईपर्यंत, बारा वर्षं. काळजी तुलाही होती. ती त्याच्या हवाली करायचीस आणि चुलीकडे वळायचीस.

पहूरहून आल्यावर आठव्या दिवशी मी कामाची बंडी धुवायला काढली. काखेच्या शिवणीत सुई होती. तुला दोरा ओवून देता देता पाणी प्यायला उठलो, तेव्हा मीच टोचून ठेवली असणार. ती घेऊन चुलीपर्यंत धावलो. तू भाकरी थापत होतीस. "काय रे?" शेठाणीच्या त्या ओसरीवर खाली घातलेली तुझी मान माझ्या डोळ्यांपुढे आली. "काही नाही," मी म्हणालो. सुरम्याच्या रिकाम्या डबीत ती अजून आहे. अल्लाहकडे मी हजारदा माफी मागितली. तुला मात्र एक शब्द बोललो नाही, आणि तू रोज मागत राहिलीस.

हा कागद डबीत मावत नाही, म्हणून नमाज पढायच्या जानमाजखाली ठेवतो. काल मशिदीत मी त्या लेकरासाठी हात उचलले. आता तो पन्नाशी ओलांडलेला माणूस असेल. तू त्याचं नाव घेऊन मागायचीस. ते नाव मला ठाऊक नाही, अम्मा. पहूर एवढं कानावर आलं की मी उठून अंगणात निघून जायचो.