बंद नळीतला क्षार

वसमत, ३ नोव्हेंबर १९४१
हैदराबादहून अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडची बाटली आली. बी.एस्सी.ला कोणाला नापास केलं, ते आता कॉलेजवाल्यांना कळेल. साधं मीठ वितळलं की वीज नेतं. हा क्षार उलटा. घन असताना अणू जाळीत बांधलेले. तापवला की थोडी वीज नेतो. वितळला की जाळी मोडते, जोडीजोडीचे सुटे रेणू होतात, वीज बंद! निजामाच्या मुलखात हे डोळ्यांनी पाहणारा पहिला मीच. महिनाभरात पेपर.

९ नोव्हेंबर
उघड्या नळीत तापवला. वितळलाच नाही, थेट पांढरा धूर. बायको खोकून बेजार. "हे घरात काहून करता?" शास्त्रज्ञांच्या बायका असं विचारत नसाव्यात.

१० नोव्हेंबर
सापडलं! दाबाखाली वितळतो. नळीचं तोंड बंद पाहिजे.

१४ नोव्हेंबर
ग्यानबा सोनारानं फुंकणीनं तोंड बंद करून दिलं, विजेच्या दोन्ही तारा आत. वीज वाहिली की सुई हलते तो आमच्या शाळेचा गॅल्व्हानोमीटर घरी आणला. हेडमास्तरांना विचारायचं राहिलं.
गणिताचे तातेराव मास्तर म्हणाले, बंद नळी तापवू नका, फुटेल. निदान मधे फळी तरी धरा. मत्सर. फळी धरली तर क्षार वितळताना दिसणार कसा?

१६ नोव्हेंबर, सकाळ
माझ्या चष्म्यातून जवळचं नीट दिसत नाही. म्हणून नळी आणि सुई बायको, जिवनबाई, पाहील. मी मागे उभा राहून लिहीन. पाहणं आणि नोंदणं ही दोन माणसांची कामं. म्हणाली, "मला भेव वाटून राहिलं." समजावलं.

१६ नोव्हेंबर, दुपार
नळी फुटली.

नांदेड, १८ नोव्हेंबर
तिचा उजवा डोळा गेला. डाव्याचं नंतर सांगू, असं डॉक्टर म्हणतात. काच साधी होती, सोनाराची चूक. माझ्याही अंगठ्याला लागलंय, कोणी पाहिलं नाही. मेव्हणा संतराम आला. माझ्याशी बोलला नाही. धक्क्यात असावा.

२५ नोव्हेंबर
पट्टी सोडली. डाव्यानंही दिसत नाही. मोठ्या डॉक्टरला दाखवू.

२७ नोव्हेंबर
आज ती पहिल्यांदा बोलली. "सुई वर चढली व्हती. मंग ते इतळलं, अन् सुई एकदम खाली आली. मी सांगणारच व्हते."
म्हणजे मी बरोबर होतो! विचारलं, "सुई किती अंशांपर्यंत चढली होती?"
तिनं भिंतीकडं तोंड केलं.
संध्याकाळी संतराम तिला डोंगरकड्याला, माहेरी घेऊन गेला. दवाखान्याच्या पायऱ्या ती पायानं चाचपत उतरली. मी वरच उभा होतो.