कुलपाआडचा पंखा

प्रिय मंगलताई,

आज सर्व्हेचा नवा फॉर्म हातात पडला आणि पहिली आठवण तुमची झाली. तिसरा रकाना काय आहे माहितीये? 'शिफ्ट कोणती?' आणि त्याखाली, 'शिफ्ट सुटल्यावर पुन्हा भेट दिली का?' छापील अक्षरांत, ताई! म्हटलं, हे तुम्हाला कळवल्याशिवाय आज घास उतरायचा नाही.

करोना आला तेव्हा मी अगदीच नवी आशाताई. तुमच्यामागून भोसरीच्या खोल्याखोल्यांतून फिरताना माझी निम्मी ताकद घाबरण्यातच जायची. दाराला कुलूप दिसलं की खरं सांगते, मला बरंच वाटायचं. खडूनं 'घर बंद' लिहायचं आणि पुढची खोली. त्या दिवशी पत्र्याच्या चाळीत एका दारावर तसंच लिहिलं, तर तुम्ही माझा दंड धरलात.

"वैशे, पंखा ऐकू येतोय का न्हाई?"

येत होता. खडखड, खडखड.

"मग बंद घरात पंखा कुणासाठी फिरतोय गं? भुतासाठी?"

मी लातूरकडची, मला काय ठाऊक! तुम्ही इथल्याच. एकाच गादीवर दोघं पाळीपाळीनं झोपतात, हे तुम्हाला पाठ होतं. दिवसपाळीचा जाताना बाहेरून कुलूप लावतो, म्हणजे रात्रपाळीवाल्याची झोप कुणी मोडत नाही. तुम्ही घरमालकिणीकडून दुसरी किल्ली आणलीत. आत रात्रपाळीवाला महादेव तापानं फणफणलेला, उठून पाणी प्यायचंही त्राण नाही. कंत्राटी कामगार, रेशनकार्ड गावाला, नाव कुठल्याच यादीत नाही. आणि माझ्या खडूप्रमाणे तर तो घरातही नव्हता.

महादेव जगला. परवाच बायकोला घेऊन दवाखान्यात आला होता. पोट सुटलंय आता चांगलं!

मला वाटलं होतं, तुम्ही मला साहेबांपुढे उभं कराल. तुम्ही माझं नावसुद्धा घेतलं नाहीत. बैठकीत उठून एवढंच म्हणालात, "सकाळी दहाला जाऊन आमी कुलपं मोजतो साहेब, माणसं न्हाई. शिफ्ट सुटताना पाठवा आमाला."

साहेब म्हणाले, तसा नियम नाही.

"मग करा की!"

सगळे हसले होते. पण पुढच्या आठवड्यापासून आपण संध्याकाळी जाऊ लागलो आणि त्याच कुलपांमागून माणसं निघाली.

आता वस्तीतला दवाखानाही संध्याकाळी उघडा असतो. कामावर खाडा न करता लोक औषध घेऊन जातात. आज ट्रेनिंगला मॅडम म्हणाल्या, "हा रकाना वरून आलाय." माझा पारा असा चढला! उभी राहिले. म्हटलं, "वरून नाही मॅडम, आमच्या भोसरीतून वर गेलाय. मंगलताईंनी पाठवलाय." मॅडमनी तुमचं पूर्ण नाव विचारून लिहून घेतलं. हे धाडस मला कुणी शिकवलं, सांगायला नको.

एक गोष्ट मात्र अजून सलते. दुसऱ्या लाटेत तुमची गल्ली माझ्याकडे होती. तुमचं दार उघडं, पडदा तेवढा ओढलेला. आतून ओरडलात, "मी बरी हाय गं, पुढं जा, लोकं खोळंबलीत!" आणि मी गेले. 'सर्व ठीक' लिहून गेले! अख्ख्या वस्तीच्या बोटांना ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलंत, मग स्वतःच्या बोटाला का नाही? मला थाप का मारलीत? बोलताना तुम्हाला धाप लागत होती, ताई. मला ऐकू आली होती. पंखा ऐकायला तुम्ही शिकवलंत आणि तुमचीच धाप मी ऐकून सोडून दिली.

चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

तुम्ही रागावला नसाल, ठाऊक आहे मला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "रडून झालं असंल तर पिशवी उचल." उचलते. पण शब्द देते ताई, आतून कुणी कितीही 'पुढं जा' म्हणू दे, पडदा सारून तोंड बघितल्याशिवाय मी हलणार नाही. शिव्या खाईन, पण हलणार नाही.

उद्या संध्याकाळी नवा फॉर्म घेऊन तुमच्याच गल्लीपासून सुरुवात करतेय. पहिलं दार तुमचं. तुमची सून आतूनच म्हणेल, "मी बरी आहे." म्हणू दे.

तुमच्या हाताखाली घडलेली,
वैशी