फोटोत आलेला आवाज

४ ऑक्टोबर

चि. भुंग्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझा व्हिडिओ कॅमेरा तुझ्या मित्राने घरपोच आणून दिला. चहासुद्धा न घेता पळाला, तुझाच मित्र शोभतो. नवा घेतलास म्हणून जुना आमच्या गळ्यात मारलास हे कळतंय, पण फुकटच्या गाईचे दात मोजत बसत नाही.

तू म्हणालास घराचं शूटिंग करून पाठव. अरे, शूटिंग कशाचं करू? आईबाबा काय नाचतात का? पहिल्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन कॅमेरा लावला तर दोघं भिंतीवरच्या घड्याळासारखे समोर बघत बसले. मग मला एक बटण सापडलं. ते दाबलं की चित्र जागच्या जागी थांबतं आणि फोटो निघतो. तेव्हा मी सगळे फोटोच काढलेत. तुझ्या भावोजींचं म्हणणं, हे म्हणजे ट्रक घेऊन कोथिंबीर आणायला जाण्यासारखं झालं. म्हणू देत.

हातात धरला की कॅमेरा हलतो, शिवाय मी समोर उभी राहिले की आई अवघडते. म्हणून तो त्यांच्याजवळ स्टुलावर ठेवते आणि रिमोट घेऊन लांब जाते. सोबतच्या कॅसेटमध्ये नवा रंग दिलेलं स्वयंपाकघर, जिना, शिलाई मशीन आणि शेवटी दोघं दारात, असं सगळं आहे. दारातला तर कॅमेरा दोघांजवळ ठेवून मी अरुंद रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवरून रिमोटने काढलाय, आहेस कुठे!

आईबाबा मजेत आहेत. बाबा हल्ली आईला क्षणभर सोडत नाहीत. म्हातारपणी प्रेमाला पालवी फुटली म्हणून मी चिडवते, तर हसतात नुसते. माझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी आहे, उभं राहून पाय दुखतात, बाकी ठीक.

आठवण ठेवून पत्र लिहीत जा. लोभ आहेच, त्यात घट नको.

तुझी ताई

२१ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कॅसेट मिळाली. कॅमेऱ्यात घालून टीव्हीला जोडून आम्ही दोघांनी बघितली. तुझी कमाल आहे. हलणारी चित्रं काढायच्या यंत्राने तू माणसांचे पुतळे केलेस! बाबा जिन्यात असे उभे आहेत की आता कोणी येऊन हार घालेल.

पण ताई, तुला एक गोष्ट ठाऊक नसावी. त्या बटणाने चित्र थांबतं, आवाज थांबत नाही. प्रत्येक फोटो पाच-सात सेकंद पडद्यावर राहतो आणि तेवढा वेळ आजूबाजूचं सगळं बोलणं टेपवर चढतं. स्वयंपाकघराच्या फोटोत तू लांबून भावोजींना भाजी जळाल्याचं सांगतेयस. आम्ही पोट धरून हसलो.

मग मशीनचा फोटो आला. आई मशीनवर हात ठेवून बसलीय, बाबा बाजूला. छान आलाय. आवाज मोठा केला तर आई हळूच बाबांना विचारते की हे मशीन कोणाचं. बाबा म्हणतात तुझंच. त्यावर ती म्हणते, हो का, चांगलं आहे.

चेष्टा असेल म्हणून मी पुन्हा लावलं. चेष्टा वाटत नाही. जिने सगळ्या शाळेचे गणवेश त्या मशीनवर शिवले, ती असं विचारेल? आणि मग सगळ्या फोटोंत मला एकच दिसायला लागलं. बाबांचा हात आईच्या कोपराला धरलेला आहे. प्रत्येक फोटोत. फोनवरही कितीतरी महिन्यांत आई आलेली नाही. कधी आंघोळीला गेलेली असते, कधी डोळा लागलेला असतो.

शेवटच्या, दारातल्या फोटोबद्दल मी लिहीत नाही. कॅसेट परत पाठवतोय, तूच ऐक. एकटी असताना लाव.

भावोजींना नमस्कार. ही तुला नमस्कार सांगते. माझ्यावर रागावलीस तरी माया असू दे.

भुंगा

२ नोव्हेंबर

चि. भुंग्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. वर्षातून एकदा पाहुण्यासारखा उगवतोस आणि तिकडे बसून आईच्या डोक्याची परीक्षा घेतोस? दर रविवारी मी तिथे असते. आई हसते, जेवते, माझ्या केसांना तेल लाव म्हणते. मला काही दिसलं नाही आणि तुला टीव्हीत दिसलं! लिफ्ट दुरुस्त करता करता डॉक्टर कधी झालास?

माणूस बोलता बोलता काहीही बोलतो. मीही परवा डोक्यावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधला. कॅसेट आली आहे. लावलेली नाही आणि लावणार नाही. हा विषय पुन्हा काढू नकोस.

ताई

९ नोव्हेंबर

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

मागचं पत्र फाडून टाक. पोस्टात टाकलं आणि लगेच पस्तावले, पण पेटीत हात घालता येत नाही.

भावोजी कामावर गेल्यावर कॅसेट लावली. मशीनचं ऐकलं. मग दारातला फोटो आला. दोघं किती नीट उभे आहेत, आईच्या चेहऱ्यावर हसू आहे. आणि आई बाबांना विचारते की समोर उभी आहे ती बाई कोण, आणि आपल्याकडे कशाला बघतेय. बाबा सांगतात, आपली मुलगी आहे, फोटो काढतेय, हस जरा. म्हणून ती हसली आहे रे. मी त्या हसण्याचं केवढं कौतुक केलं होतं, म्हटलं आईचा इतका सुंदर फोटो आजवर निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानातून सुट्टी घेतली आणि न सांगता भरदुपारी गेले. दार उघडंच होतं. आई ओट्यापाशी होती, बाबा तिच्या मागे उभे राहून एकेक सांगत होते. आता मीठ, आता झाकण, आता गॅस बारीक. आवाज चढलेला नाही की कंटाळा नाही. रविवारी मी पोचायच्या आधी हे सगळं उरकलेलं असायचं. माझ्या कुठल्याही प्रश्नाला आधी बाबा उत्तर द्यायचे, आई मान हलवायची, आणि मी म्हणायचे म्हातारा फार बोलका झाला.

मला बघून बाबा खाली बसले. मी बोलले बरंच, त्यांना लागेल असंही बोलले. त्यांनी एवढंच सांगितलं की भुंग्याला मी स्वतः लिहितो. आईने मला ओळखलं, तेवढ्यात उन्हातून का आलीस म्हणून रागेही भरली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे नेतो आहोत. तू घाई करू नकोस, कळवते. तू ऐकलंस आणि लिहिलंस ते बरं केलंस. मी तुला बोलले ते मनात ठेवू नकोस, आपल्यातला गोडवा तसाच राहू दे.

तुझी ताई

१२ नोव्हेंबर

चि. भुंग्यास,
बाबांचे आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. थोडक्यात लिहितो.

दोन वर्षांपूर्वी तुझी आई सकाळी दोरे आणायला गेली ती संध्याकाळी परतली. बसमधून भलत्याच थांब्यावर उतरली होती आणि घर कुठल्या बाजूला ते सुचेना. घरी येऊन तिनेच मला बसवून सगळं सांगितलं. हे पहिल्यांदा झालेलं नाही, आणि वाढत जाणार, हेही तीच म्हणाली. मला तिने शब्दात बांधून घेतलं. मुलांना सांगायचं नाही. मी मुलांना ओळखेनाशी होईन तेव्हा सांगा, तोवर हे आपल्या दोघांतलं. मी हो म्हटलं. तिच्यापुढे मी नाही कधी म्हटलंय?

दारातला फोटो काढला त्या दिवशी तिने ताईला ओळखलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. म्हणजे त्या दिवशी मी शब्दातून मोकळा झालो. तरी माझ्या तोंडातून निघेना. बंदरावर क्रेन चालवताना खाली उभा राहून हाताने खुणा करणारा माणूस दिसेनासा झाला की ओझं तसंच धरून थांबायचं असतं. मी तेवढंच केलं. थांबलो.

ताई रागावली ते योग्यच आहे. तू मला काही बोलायचं तर बोल, आईला बोलू नकोस. तुम्हा दोघांना कळलंय हे मी तिला सांगितलंय. ती शांत आहे.

पैसे पाठवू नकोस. खुशाली कळव.

बाबा

२६ नोव्हेंबर

चि. भुंग्यास,
आईचे अनेक आशीर्वाद. सूनबाईलाही तसेच.

आज सकाळी डोकं लख्ख आहे म्हणून लगेच लिहायला बसले. ताई शेजारी आहे, पण तिला मी कागदात बघू दिलेलं नाही.

डॉक्टर तरुण आहेत, बोलायला गोड. त्यांनी मला वार विचारला, तो चुकला. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले, ते मी धडाधड केलं. कापड बेतणाऱ्या बाईला वजाबाकी शिकवतात! गोळ्या दिल्या आहेत. गोळ्यांनी बरं होणार नाही, फक्त विसरणं जरा सावकाश वाढेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला स्पष्ट बोलणारी माणसं आवडतात. ताई बाहेर येऊन रडली. तिचे डोळे मीच पुसले.

बाबांवर कोणी रागावू नका. त्यांना गप्प मी बसवलं. तुम्ही दोघं माझ्याशी बोलताना माझ्यावर लक्ष ठेवून बोलायला लागाल, याची मला धास्ती होती. ताईचं आताच तसं सुरू झालंय. मी मिठाचा डबा उचलला तरी तिचा श्वास अडकतो. तिला तू समजाव, माझं ऐकत नाही.

तू येणार आहेस असं कळलं. ये. पुढच्या वर्षीवर टाकू नकोस, सूनबाईलाही घेऊन ये. एक मात्र आधीच सांगून ठेवते. आल्या आल्या समोर उभं राहून मी कोण, ओळख पाहू, असं विचारू नकोस. बाबांची बहीण परवा तसं करत होती, मला शाळेत उभं केल्यासारखं वाटलं. तू आपलं सरळ नाव सांग, ताईचा धाकटा भाऊ म्हण, आणि आत ये. मला आठवलं तर उत्तमच. नाही आठवलं तरी दारात आलेल्या माणसाला मी आजवर उभं ठेवलेलं नाही. बस म्हणेन, पाणी देईन, कुठून आलास ते विचारेन. तू सगळं नीट सांग. मी ऐकेन.

येताना थंडीचं काही अंगावर घालून ये.

तुझी,
आई