मोटारीतील गारवा नेमका कोठून जातो याविषयी

प्रति,
मा. अधीक्षक अभियंता,
घाटमाथा बंधारे मंडळ, पुणे.

अर्जदार : भिमाजी रखमाजी केदारी, मोटारचालक (अकरा वर्षे हंगामी, सध्या निलंबित), रा. वलवण, ता. मावळ.

विषय : थंड हवेचे यंत्र बिघडविल्याच्या आरोपातून मुक्त करून कामावर परत घेणेबाबत.

संदर्भ : लोणावळा उपविभागाचा निलंबन आदेश, दि. २२ मे १९६७.

महोदय,

अर्जदार चौथी पास असल्याने हा अर्ज त्याच्या सांगण्यावरून एका निवृत्त शिक्षकाने लिहिला आहे. मजकूर खरा वाटेल तेथे तो अर्जदाराचा व उद्धट वाटेल तेथे लेखनिकाचा समजावा. लेखनिकाची पेन्शन मागेच सुरू झाली आहे.

१. उपविभागाचे अधिकारी श्री. दीनानाथ चौबळ यांच्या दिमतीला एका संस्थानिकाकडून लिलावात घेतलेली बारा वर्षांची अमेरिकन मोटार आहे. तिच्या डिकीत थंड हवेचे यंत्र असून गारवा मागच्या बैठकीच्या पाठीमागून येतो. मुंबईकर ज्या गावी हवा खायला येतात त्या गावच्या साहेबांना हवेचे यंत्र कशाला, असे कोणी विचारील. परंतु साहेबांना उन्हाळ्यात घाट सोडून खाली तळेगावापर्यंत जावे लागते, व तेथे ऊन हुद्दा पाहत नाही.

२. एप्रिलमध्ये साहेबांनी यंत्र गारवा देत नाही अशी तक्रार केली. अर्जदाराने यंत्राचा पट्टा ताणून घेतला, फ्यूज बदलला, पुढच्या जाळीतला चिखल व वाळके गवत दाताच्या जुन्या ब्रशाने काढले. तरी तक्रार कायम राहिली. तेव्हा रजेच्या दिवशी साहेबांच्या परवानगीने मोटार देहूरोडला शिदू मिस्त्रीकडे नेली. त्याने काचा लावून यंत्र चालवले, गॅस तपासला आणि आत बसून पाचव्या मिनिटाला दंड चोळत म्हणाला, "भाऊ, ह्यो तर बर्फावानी गार हाय. काच कोन उगडी ठिवतं तुमच्यात?"

३. काच साहेब उघडी ठेवतात. साहेबांची रीत अशी की, डावी काच पूर्ण खाली, कोपर बाहेर, आणि वस्ती आली की मोटार बैलगाडीच्या चालीने. कारण काच वर असली तर आत कोण आहे ते लोकांना दिसत नाही, आणि दिसत नाही त्याला कोणी सलाम करीत नाही. गेल्या वर्षी वडगावच्या बाजारात एक सलाम मागे राहिला म्हणून अर्जदाराला मोटार चाळीस पावले उलटी घ्यावी लागली होती. अशा रीतीने यंत्र सबंध मावळ तालुका गार करीत होते व साहेब तेवढे घामाघूम होत होते.

४. वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो, तेव्हा अर्जदाराने तोंडाने काही न सांगता पुरावा दाखवायचे ठरवले. दि. २० मे रोजी त्याने आपले कुटुंब सौ. चिमाबाई हिच्याकडून लोण्याचा गोळा पळसाच्या पानात घेतला व साहेबांच्या संमतीने मागच्या बैठकीवर ठेवला. काचा बंद करून लोणावळ्याहून निघाले. कामशेतला पोचेपर्यंत गोळा तसाच घट्ट होता, आणि साहेबांनी गळ्याला रुमाल गुंडाळला होता. अर्जदाराला वाटले, आपण जिंकलो.

५. परंतु कामशेतच्या बाजारात कोणी मान वर केली नाही. भाजीवाली सरूबाई तर वाट देताना शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "जाऊ दे बाई, मुंबैचा कुनी शेट असंल." हे ऐकताच साहेबांनी स्वतःच्या हाताने काच खाली केली. वडगाव येईपर्यंत तेरा सलाम पोचले आणि लोणी सरकारी गादीत मुरले.

६. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सोमवारी आदेश निघाला. आरोप दोन : निष्काळजीपणे यंत्र निकामी करणे, व शासकीय बैठकीस स्निग्ध पदार्थ लावणे. अर्जदार येत्या जुलैत कायम व्हायचा होता. नोकरीत खंड पडला तर अकरा वर्षांची सेवा पाण्यात जाते, आणि चाळिशीनंतर हंगामी म्हणूनही कोणी घेत नाही. याचे त्याला फार दुःख आहे. चिमाबाई म्हणते, "लोनी बी गेलं आन नोकरी बी." लेखनिकाला याहून नेमके वाक्य सुचत नाही.

७. सध्या मोटार जानू नावाचा चालक चालवतो. काच खालीच आहे, साहेबांना उकडतेच आहे, आणि यंत्र बिघडल्याची नोंदही तशीच आहे. तरी आपण स्वतः एकवार या मोटारीत काचा लावून बसावे व अंगावर काटा आल्यास अर्जदाराला कामावर घ्यावे, एवढीच विनंती.

८. काच खरोखर उघडी असते याला साक्षीदार कोण, असे चौकशीत विचारले जाईल. काल सकाळी अर्जदार वलवणहून पायी येत असता तीच मोटार त्याच्या शेजारून गेली. अकरा वर्षांच्या सवयीने त्याचा हात आपोआप वर गेला. साहेबांनी कोपर न हलवता मान तुकवून तो सलाम घेतला. सलाम करणारा कोण, हे त्यांनी पाहिले नाही.

आपला नम्र व अद्याप सवय न सुटलेला,
भिमाजी रखमाजी केदारी (निशाणी अंगठा डावा; उजव्या अंगठ्याला यंत्राचा पट्टा लागल्याने सही करता येत नाही)

लेखनिक : अनंत विष्णू साठ्ये, निवृत्त शिक्षक, लोणावळा
दि. ५ जून १९६७

सोबत : (१) शिदू मिस्त्रीचा जबाब. (२) पळसाचे पान, वाळलेले; वास अद्याप येतो. (३) कालचा सलाम जोडता आला नाही. तो साहेबांकडे जमा आहे.