बोर्डावरची कोरी ओळ

बाबा, यार्डातल्या तुझ्या खुर्चीवर आता मी बसतो. दहावीला दोनदा आपटलेला तुझा पोरगा, आणि मालक पाहुण्यांना सांगतो, हा आमचा कॉम्प्युटरवाला. तू असतास तर चहा नाकातून आला असता. तू पहाटेपासून दोन फोन कानाला लावून ट्रेलरवाल्यांना नंबर द्यायचास, बंदरातून कुठला कंटेनर कोण उचलणार ते पांढऱ्या बोर्डावर लिहायचास. आता ते काम चार एजंट करतात. माणसं नाय, एआय. एक बंदराचे मेसेज वाचतो, दुसरा नंबर लावतो, तिसरा ड्रायव्हरना कळवतो, चौथा कोण वेळेवर आलं नाय ते बघून दुसऱ्याला सांगतो. ठरल्या वेळेला आपापसात बोलून मोकळे. कुणी शिवी देत नाय, कुणी तंबाखू मागत नाय.

तू बोर्डावर रोज शेवटची ओळ कोरी सोडायचास. एकदा मी तिथं मालकाच्या कुत्र्याचं नाव लिहिलं, गाडी नंबरासकट. ड्रायव्हर दुपारपर्यंत हसतायत, एक जण तर कुत्र्याला लायसन विचारून आला. तू हसला नाहीस. शर्टाच्या बाहीनं नाव पुसलंस आणि म्हणालास, "ही लाइन मोकली नाय. ती कुनाची हाय ते सकाली समजत नाय, दुपारी समजतं." मंगळवारी ती काकांची असायची. काका म्हणजे मिठागरात कामाला होतास तेव्हापासूनचा तुझा जोडीदार. काकीला डायलिसिसला नेऊन ते बारानंतर ट्रेलर घेऊन यायचे, आणि एक खेप त्यांच्यासाठी राहिलेली असायची.

एजंटना मी सगळं शिकवलं, फक्त ही ओळ सांगितली नाय. मालक म्हणालेला, एकपण जागा रिकामी दिसली नाय तर बाकीची दोन यार्डंपण तूच सांभाळायची. चार मंगळवार काका सकाळच्या मेसेजला आले नायत. चौथ्या एजंटनं दुसऱ्याला कळवलं, दुसऱ्यानं त्यांना खाली ढकललं, मग यादीतूनच काढलं. नियम माझेच. काका ऑफिसात आले, खुर्ची दिली तरी उभेच राहिले. मी म्हणालो, "काका, सिस्टीम हाय ती. माझ्या हातात काय नाय." बोर्डाच्या जागी आता स्क्रीन हाय, तिच्याकडं ते बघत राहिले.

"तुझ्या बापाच्या हातात तरी काय व्हतं? एक पेन."

एक ओळ कोरी सोड, एवढं एजंटला टाइप करायला दोन मिनिटं लागतात. महिना झाला. काकांचा ट्रेलर त्यांच्या दारात उभा हाय, चाकांना गवत आलंय, मी लांबच्या रस्त्यानं घरी जातो. राग तुझ्यावरपण हाय. ती ओळ कुणाला विचारून सोडायचास? मालकाला कधी कळू दिलं नायस, कुठं लिहून ठेवलं नायस, डोक्यात घेऊन गेलास. आता ती फक्त माझ्या डोक्यात हाय, आणि मालकापुढं तोंड उघडलं की दोन यार्डं गेली.

तुझा मोबाइल नंबर आता दुसऱ्याच कुणाकडं हाय, म्हणून हे पाठवत नाय. काका रोज फोन करतात. मी उचलत नाय. त्यासाठी पाचवा एजंट लावलाय, आवाज माझाच दिलाय. तो नंबरचं बघतो म्हणतो, पण त्याआधी तुझ्यासारखं विचारतो, काका, जेवलात का. काका त्याला कालवण कसलं व्हतं तेसुद्धा सांगतात.