कंपनीच्या इतिहासात एक माणूस कमी

याइझू, १२ डिसेंबर

ती. सौ. कियोएताईस,
शुनसाकूचा कमरेत वाकून नमस्कार.

पत्राच्या आरंभी हवेची चौकशी करावी, मग तब्येतीची, आणि वाचणारा कंटाळला की मुद्द्याला यावं, अशी आपल्या आईची शिकवण. तर हवा थंड आहे. फुजीने डोक्याला पांढरं बांधलंय, बंदरावरचे बोके उन्हाची जागा धरून बसतात आणि आमच्या ऑफिसच्या जिन्याला खालच्या दुकानातल्या सुक्या माशाचा वास नेहमीपेक्षा जास्त येतो. तुमच्याकडे कोफूला याहून कडक असणार. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला, की तो आता घरचाच झाला? दाजींनी यंदाही पर्सिमनची फळं सोलून वाळायला वळचणीला टांगली असतील आणि यंदाही कावळ्यांशी भांडत असतील. कावळेच जिंकोत (हे दाजींना वाचून दाखवू नकोस).

मी बरा आहे. म्हणजे प्रकृतीने बरा आहे. बाकीचं सांगायला जरा लांबून सुरुवात करावी लागेल, तेव्हा चहा घेऊन बस.

आमच्या हानेदा गेम कारखान्याला यंदा चाळीस वर्षं झाली. कारखाना म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे धुराडी येत असतील. प्रत्यक्षात दोन खोल्या, सात माणसं आणि एक झाड आहे, आणि झाड प्लॅस्टिकचं आहे. हानेदासाहेबांचं आधी मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. १९८४ साली त्यांनी एक संगणक आणला आणि मासे धरण्याचा खेळ तयार केला. त्यात एक चूक राहिली होती, मासा कधीच गळाला लागत नसे. लोकांनी तो खेळ डोक्यावर घेतला. इतका खरा खेळ आजवर पाहिला नाही, अशी कोळ्यांची पत्रं आली. या यशावर कंपनी उभी राहिली, आणि गेली सदतीस वर्षं आम्ही दुसऱ्यांचे खेळ करून देतो आहोत. मोठ्या कंपन्या काम देतात, करारात पहिलंच कलम असतं, की तुमचं नाव कुठेही येणार नाही. एक खेळ देशभर गाजला, पोरांनी शाळा बुडवल्या, आणि कौतुकाची पोती भलत्याच कंपनीच्या दारात जाऊन पडली. हानेदासाहेब म्हणाले, 'नाव गाळता येणं हीसुद्धा कलाच आहे.' तेव्हापासून आम्ही या कलेत फार तयार झालो.

माझं काम तुला माहीतच आहे. (माहीत नाही? चौतीस वर्षं दर नव्या वर्षाला सांगतो आहे.) खेळातली वाक्यं मी लिहितो. दाराला हात लावला की 'दाराला कुलूप आहे'. पेटी उघडली की 'पेटी रिकामी आहे'. खोलीत शिरलं की 'इथे कुणी नाही'. लेखक म्हणून माझी एकूण साहित्यसेवा एवढीच. त्यामुळे चाळिसाव्या वाढदिवसाला कंपनीचा इतिहास छापायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हानेदासाहेब म्हणाले, 'तोकिता, लेका, तूच लिही. रिकाम्या पेट्यांवर तुझ्याइतका अधिकार कुणाचा नाही.'

दर दहा वर्षांनी आम्ही अशी पुस्तिका काढतो. जुन्या तिन्ही कपाटात सापडल्या. प्रत्येकीत शेवटी सगळ्यांचा फोटो आणि खाली नावं. मी हौसेने फोटोतली माणसं आणि नावं जुळवायला बसलो. १९९४च्या फोटोत नऊ माणसं, नावं आठ. २००४च्या फोटोत बारा माणसं, नावं अकरा. मला वाटलं चष्मा बदलायला झाला. मिसुमीबाईंना बोलावलं. (मिसुमीबाई आमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत; चहा, हजेरी, पत्रव्यवहार आणि इतरांची लग्नं जुळवणं ही खाती त्यांच्याकडे.) २००४च्या फोटोत कडेला केक धरून उभा असलेला माणूस दाखवून विचारलं, हे कोण? 'ते होय! ते फोटो काढणारे असतील.' म्हटलं, बाई, फोटो काढणारा फोटोत कसा येईल? त्या म्हणाल्या, 'मग त्याचा भाऊ,' आणि गेल्या. जाता जाता जिन्यात मात्र थांबल्या, आणि बराच वेळ तिथेच उभ्या होत्या.

२०१४च्या फोटोची मात्र मला भीती वाटली, ताई. माणसं नऊ, नावं आठ. नवव्या माणसाने माझ्या खांद्यावर हात टाकलेला आणि त्याने काहीतरी सांगितलं असावं, कारण मी डोळे मिटून, तोंड उघडं टाकून हसतो आहे. मी असा हसलेला तू तरी कधी पाहिलास का? आणि हा माणूस कोण, ते मला आठवत नाही. दहा वर्षांपूर्वीची गोष्ट, हात माझ्याच खांद्यावर! खण उपसता उपसता नव्या वर्षाचं एक कार्ड सापडलं. 'यंदा तरी मासा लागू दे. शेजारच्या टेबलावरून.' शेजारच्या टेबलावर छपाईचे कागद असतात. कधीपासून, कुणाला ठाऊक नाही. वाकून खाली पाहिलं तर सपाता होत्या, नीट जोडून ठेवलेल्या, आमच्यात कुणाच्याच पायाला होणार नाहीत एवढ्या मोठ्या. मला त्या माणसासाठी रडू यायला हवं होतं. आलं नाही, कारण कुणासाठी रडायचं तेच कळेना. याचं जास्त वाईट वाटलं.

पण छापखान्याची तारीख गळ्याशी आलेली. मी पुस्तिका पुरी केली, बाकीच्या सहाही जणांची नावं मानाने घातली, हानेदासाहेबांचं थोडं मोठ्या अक्षरात, आणि शेवटच्या पानावर लिहिलं, 'गुण सर्वांचे, चुका संकलकाच्या.' स्वतःचं नाव घातलं नाही. कसं घालणार? आपल्या हाताने आपली टिमकी वाजवायची, ही आपल्या घरची वागणूक आहे का? मी लिहिलेल्या पुस्तकात मीच यायचं म्हणजे यजमानाने आधी जेवून घेण्यासारखं झालं असतं. ऑक्टोबरच्या दहा तारखेला पुस्तिका वाटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी दाराजवळ उभा राहून वाकलो.

दुसऱ्या दिवशी मिसुमीबाईंनी सहा कप चहा आणला. मी म्हटलं असेल घाईत. तिसऱ्या दिवशीही सहा. दुपारचे डबे सहा. आमच्याकडे दाराशी फळा आहे, त्यावर प्रत्येकाच्या नावाची लाकडी पाटी, माणूस आला की काळी बाजू, गेला की लाल. आठवड्याने पाहतो तर माझी पाटी नाही आणि खिळ्यावर कुणाची तरी छत्री. छत्री काढून पाटी शोधली, सापडली नाही, तेव्हा छत्री परत अडकवली. (दुसऱ्याची वस्तू जागेवर ठेवावी.) आमचा संगणकवाला कुगा समोर बसतो. मी त्याच्याशी बोललो की तो दचकतो, बंद टीव्ही आपोआप लागल्यावर माणूस दचकतो ना, तसा. मग माझ्या आरपार, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून उत्तर देतो. एकदा त्याने माझ्या खुर्चीवर कोट टाकला. मी खुर्चीत होतो. कोट उबदार होता, तसाच राहू दिला.

सुरुवातीला मजाही वाटली, खोटं कशाला बोलू. कुणी काम सांगेना. बैठकांना कुणी बोलावीना, गेलो तरी कुणी उठवीना. केशकर्तनालयात दीड तास बसलो आणि नंबर लागला नाही, पण त्या वेळात तीन मासिकं वाचून झाली. मग स्टेशनजवळच्या दुकानाचं आपोआप उघडणारं दार माझ्यासाठी उघडेना. आता मी बाहेर उभा राहतो, कुणी गिऱ्हाईक आलं की त्याच्या मागून शिरतो आणि त्याच्या मागून बाहेर पडतो. परवा एक आजी आत इतका वेळ रमल्या की मी लोणच्याच्या फडताळाजवळ अडकून पडलो. यंत्राचं काय, बिघडतं, म्हटलं. पण ताई, बंदरावरचे बोकेसुद्धा मी जवळ गेल्यावर उठेनासे झाले, माझ्या पायांवरच येऊन ऊन खात बसू लागले. 

त्या दिवशी ऑफिसात येऊन मी तिन्ही जुन्या पुस्तिकांचं शेवटचं पान उघडलं. तिन्हींत तेच. 'गुण सर्वांचे, चुका संकलकाच्या.' नाव नाही. मी हे वाक्य कुठून उचललं ते तेव्हा कळलं, आणि केक धरून उभा असलेला, मला हसवणारा, ती माणसं कोण तेही. आमच्यासारखीच सभ्य माणसं, दुसरं काय. प्रत्येकाने सगळ्यांना इतिहासात बसवलं आणि स्वतः नम्रपणे बाहेर उभा राहिला. आता शेजारचं टेबल मला जागा करून देतं आहे असं वाटायला लागलं. मी त्यावरचे कागदाचे गठ्ठे बाजूला सारले आणि वाकून खालच्या सपातांना नमस्कार केला. कुगा घड्याळाकडे पाहून म्हणाला, 'खिडकी लावा रे कुणीतरी, कागद हलतायत.'

मग लाज गुंडाळून हानेदासाहेबांकडे गेलो. शुद्धिपत्रक छापू, एक ओळ, एक नाव, बास, असं सांगायचं ठरवलं होतं. चौतीस वर्षं या माणसाने मला 'लेका', 'गाढवा' आणि एकदा सगळ्यांसमोर 'कुलपा' म्हटलं आहे. मी दार वाजवलं. ते उठून उभे राहिले, ताई. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा माझ्यासाठी उठून उभा राहिला, वाकला आणि म्हणाला, 'या, या. आपण कुणाकडे आलात?' मी म्हटलं, साहेब, मी तोकिता. 'वा, वा. लांबून आलात का? बसा ना.' त्यांनी टाळी वाजवली, आणि दोन महिन्यांनी मला ऑफिसात चहा मिळाला. पाहुण्यांच्या कपात. मी खेळांबद्दल बोलू लागलो, कुठल्या पेटीत काय नाही ते सगळं, तर त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, 'आमचे खेळ इतके जीव लावून खेळलेला माणूस आज पहिल्यांदा भेटला. आम्हाला वाटायचं, आमचं नाव कुणाला ठाऊकच नाही.' आणि त्यांनी आपल्या हाताने एक पुस्तिका मला भेट दिली, वर लिहून, 'एका अनोळखी चाहत्यास.' तीच पुस्तिका, मी लिहिलेली. शुद्धिपत्रकाचं मी तसंच राहू दिलं. म्हातारा इतका खुशीत होता. मी वाकून आभार मानले आणि बाहेर आलो.

असो. म्हटलं तर बरं चाललं आहे. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्यांना थंडी लागू देऊ नकोस, लोकरीचं काही बांधत जा. वर्षअखेरीची साफसफाई एकटीने करू नकोस, शिडीवर तर मुळीच चढू नकोस. चूकभूल द्यावी घ्यावी.

तुझा धाकटा भाऊ,
तोकिता शुनसाकू

ता. क. पर्सिमन वाळले की चार पाठव. पाकिटावर नाव मोठं घाल. पोस्टमन हल्ली माझी पेटी ओलांडून जातो.

ता. ता. क. वर सगळं गमतीत लिहिलं असलं तरी एक काम खरंच आहे. उत्तरात एक ओळ हवी, तुझ्या अक्षरात, 'शुनसाकू हा माझा सख्खा धाकटा भाऊ.' बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल. ती मी खिशात ठेवीन. कुणाच्या तरी हाताने मी कुठेतरी लिहिलेला असलो म्हणजे झालं.

ता. ता. ता. क. हे लिहावं की नाही, म्हणून पाकीट तीन दिवस उघडंच ठेवलं होतं. रविवारी मी फोन केला होता. आपण फार गोड बोललात. आपण म्हणालात, 'चुकीचा नंबर लागला वाटतं. मला भाऊ नाही हो. असता तर फार आवडलं असतं.' मी क्षमा मागून फोन ठेवला. ती थट्टा असेल, तर ताई, तू जिंकलीस, आता पुरे कर. आणि थट्टा नसेल, तर एका परक्या माणसाने आपल्या गुडघ्यांची एवढी चौकशी केली, त्याबद्दल बाईसाहेबांनी माफ करावं. परंतु आवडलं असतं असं आपण स्वतःच म्हणालात, आणि जागाही रिकामी आहे, तेव्हा नम्र अर्ज करतो. नाव तोकिता शुनसाकू. पद धाकटा भाऊ. अनुभव छप्पन्न वर्षं.