विहिरीवरच्या बाईची कथा

नाना, शाळेमागच्या विहिरीवरचा रहाट अजून कानात कुरकुरतो. तुम्ही कविता म्हणायला लागलात की तिकडे अक्का, तुमची धाकटी बहीण, पाणी शेंदायला यायच्या. तुम्ही ओळीच्या मध्येच थांबायचात, बादली वर येईपर्यंत. रहाट थांबला की सगळा वर्ग श्वास रोखून पुढच्या शब्दाची वाट बघायचा, आणि तुम्ही डोळे मिटून आणखी जरा थांबायचात. मी काही कवी झालो नाही. जळगावला नोकरी करता करता भयकथा लिहू लागलो. पण भूत दाखवायचं नाही, त्याच्या एक पाऊल आधी थांबायचं, हे मी तुमच्या कवितेच्या तासालाच शिकलो.

माझी सगळ्यात चांगली कथा चार पानांची. भर दुपारी विहिरीवर रहाट वाजतो, दोर ओला असतो, बाई मात्र दिसत नाही. दिसतात फक्त तिची पावलं, त्यातलं डावं जरा फरपटत गेलेलं. ते पाऊल अक्कांचं होतं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट नेमका तपशील सापडला म्हणून मी खूश. ती छापलेला दिवाळी अंक धुळ्याकडच्या आपल्या गावात पोहोचला, पारावर कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवला, आणि लोकांनी ठरवून टाकलं की गावच्याच माणसानं लिहिलंय, वर छापूनही आलंय, म्हणजे त्यानं पाहिलेलंच असणार.

मग तुम्ही एसटीनं जळगावला आलात तो दिवस. स्वयंपाकघरात बायको भरीत वाढतेय, तुम्ही ताटाला हात लावत नाही. वर्गात पुस्तकी मराठी बोलणारे तुम्ही त्या दिवशी गावची अहिराणीच बोलता.

"बठ्ठं गाव तिले डाकीण म्हनस रे. आते ती कोठे जाई?"

"नाना, गोष्ट आहे ती. मनानं रचलेली."

"मंग पाय कोना शे?"

पाय कोणाचा, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. तुम्ही एवढंच मागितलंत, की गावात ये, पारावर उभा राहा आणि सगळ्यांदेखत सांग, हे मी रचलं. मी हो म्हणालो. गेलो नाही. माझ्या लिहिण्याला लोक पहिल्यांदाच इतके घाबरले होते; ते मला माझ्या तोंडानं मोडायचं नव्हतं. अक्का गाव सोडून भुसावळला भाचीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही हे जगच सोडून गेलात.

आता माझ्या कथांचं पुस्तक निघतंय. रविवारी पेपरात छोटी बातमी आली, तिच्यात याच कथेचं नाव. प्रकाशक पोरगेलासा आहे, फोनवर म्हणतो, "काका, हिच्याशिवाय पुस्तक म्हणजे तर्री नसलेली शेवभाजी!" मी आठ दिवस खटाटोप केला. पाऊल काढलं, विहिरीच्या जागी ट्यूबवेल घातली, बाईचा बुवा केला. सूनबाई वाचून हसली. "बाबा, हा बुवा पाणीपट्टी मागायला आल्यासारखा वाटतो." सगळी भीती त्या एका पावलात होती. कथा ठेवायची की काढायची, हे मला आज चार वाजेपर्यंत ठरवायचंय. तेव्हा प्रुफं न्यायला माणूस येईल.

आत्ता तीन वाजलेत आणि कडी वाजली. सूनबाई दार उघडून आत येते, आवाज हळू करते. "भुसावळहून कोणी अक्का आल्यात. हातात पेपर आहे. म्हणतात, त्याला सांग, मास्तरची बहीण आलीय."

नाना, कथेचं आज ठरवायचंय असं वर लिहिलं, ते खरं नाही. ठरवायचं काही उरलेलं नाही. प्रुफांचं पाकीट मी सकाळीच चिकटवलंय, आणि कथा आत आहे, पावलासकट. आत्ता सुनेला मी खुणेनं सांगितलं, घरी नाहीत म्हण. ती जागची हलली नाही. तिच्या मागे अक्का उभ्या आहेत.